नायजेरियाचा सर्वांत मोठा सेनाधिकारी नेमकं काय करतो?

दर वर्षी १५ जानेवारीला नायजेरियाची राजधानी अबुजा इथे हुतात्मा सैनिकांना मानवंदना दिली जाते. कोटाच्या कॉलरवर लाल फुलाचं चिन्ह लावलेली माणसं रांगेत उभी असतात, बिगुल वाजतो, बंदुकांची सलामी होते. पहिलं पुष्पचक्र राष्ट्राध्यक्ष ठेवतात. त्यांच्यामागून उपराष्ट्राध्यक्ष, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे प्रमुख, सरन्यायाधीश आणि संरक्षणमंत्री. एवढे सगळे नागरी वेशातले लोक होऊन गेले की मग गणवेशातला पहिला माणूस पुढे येतो. खांद्यावर चार तारे, सॅल्यूट कडक. त्याच्या पाठोपाठ लष्करप्रमुख, नौदलप्रमुख आणि हवाईदलप्रमुख. शेवटी राष्ट्राध्यक्ष पांढरी कबुतरं आकाशात सोडतात.

तो चार ताऱ्यांचा माणूस म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, थोडक्यात सीडीएस. वीस कोटींहून अधिक लोकांच्या, लोकसंख्येने आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या देशाचा सर्वोच्च सेनाधिकारी. तिथल्या बोलीत वरिष्ठाला ‘ओगा’ म्हणतात. सैन्यातल्या सगळ्या ओगांचा हा ओगा. पण रांगेतली त्याची जागा नीट पाहा: गणवेशातल्यांत पहिला आणि एकूण रांगेत बराच मागे. त्याचं पद समजून घ्यायचं तर ही जागाच समजून घ्यावी लागते, आणि ती ठरवताना नायजेरियाने फार मोठी किंमत मोजली आहे.

आपल्याकडच्या बातम्यांत पश्चिम आफ्रिका येते ती बहुधा उठावाच्या निमित्ताने. माली, बुर्किना फासो, नायजर, गिनी-बिसाऊ अशी नावं येतात, टीव्हीवर लष्करी वेशातले दहा-बारा जण निवेदन वाचताना दिसतात आणि बातमी संपते. त्या क्षणी त्या देशाचा सर्वोच्च सेनाधिकारी कुठे असतो, त्याने काय करायचं असतं आणि काय करायचं नसतं, हे मात्र कुणी सांगत नाही. नायजेरियाच्या उदाहरणावरून ते चांगलं समजतं.

अधिकार किती, फौज किती

नायजेरियाची सध्याची राज्यघटना १९९९ची. तिच्या २१७व्या कलमाने लष्कर, नौदल आणि हवाई दल अशी तीन दलं उभी राहतात. २१८वं कलम सांगतं की या दलांचा प्रत्यक्ष कारवाईसाठी वापर कसा करायचा, हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा. सीडीएस आणि तिन्ही दलांचे प्रमुख नेमण्याचा अधिकारही त्यांचाच. सर्वोच्च सेनापती राष्ट्राध्यक्ष, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला माणूस.

मग सीडीएसकडे काय उरतं? दलाचा रोजचा कारभार त्या त्या प्रमुखाकडे असतो. भरती, बढत्या, बदल्या, तुकड्या, तोफा, जहाजं, विमानं हे सगळं तोच बघतो. एखादी बटालियन अमुक छावणीतून तमुक छावणीत हलवायची तर ते काम लष्करप्रमुखाचं. सीडीएस या तिघांच्या वर बसतो आणि त्यांच्यात मेळ घालतो. तिन्ही दलं मिळून करायच्या मोहिमा, सामायिक गुप्तवार्ता, सामायिक प्रशिक्षण, दीर्घ पल्ल्याच्या योजना आणि सरकारला द्यायचा लष्करी सल्ला हा त्याचा प्रांत. त्याचं डिफेन्स हेडक्वार्टर्स अबुजात आहे. तिथे टेबलांवर नकाशे आणि अहवाल भरपूर असतात. रणगाडा मात्र एकही नसतो.

एक बारकावा मला फार बोलका वाटतो. घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात दोन परिषदांची रचना दिली आहे. राष्ट्रीय संरक्षण परिषदेत सीडीएसबरोबर तिन्ही दलप्रमुख बसतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या यादीत पोलिसांचे महानिरीक्षक आहेत, गृह आणि परराष्ट्र मंत्री आहेत, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आहेत, पण सैन्यातर्फे एकच नाव आहे, सीडीएसचं. देशाची एकूण सुरक्षा जिथे ठरते त्या खोलीत तिन्ही दलांचा आवाज एकाच तोंडून जावा, अशी ही मांडणी.

मानाच्या बाबतीतही असंच. नायजेरियात सेवेतला चार ताऱ्यांचा अधिकारी साधारणपणे एकटा सीडीएस. लष्कराचा असेल तर जनरल, नौदलाचा असेल तर ॲडमिरल, हवाई दलाचा असेल तर एअर चीफ मार्शल. बाकी तिघे तीन ताऱ्यांचे. भारतात सीडीएस आणि तिन्ही दलप्रमुख चौघेही चार ताऱ्यांचे असतात. तारा जास्त, फौज कमी, असा हा नायजेरियन ओगा.

मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. शिवकाळात प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकजण फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये, ही त्यामागची काळजी. नायजेरियाने किल्ल्याऐवजी राजधानीसाठी तीच काळजी घेतली आहे. बंदुका ज्याच्या हातात त्याच्या वर कुणीतरी हवा आणि जो वर आहे त्याच्या हातात थेट बंदुका नकोत.

ही काळजी आली कुठून?

१ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. सैन्याचं नेतृत्व त्यानंतरही काही वर्षं ब्रिटिश अधिकाऱ्याकडेच होतं. १९६५ मध्ये मेजर जनरल अग्वियी-इरोन्सी हे सैन्याचे पहिले नायजेरियन प्रमुख झाले. त्यांना वर्षभरही शांतता लाभली नाही. १५ जानेवारी १९६६च्या पहाटे तरुण मेजरांच्या एका गटाने उठाव केला. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा, उत्तर आणि पश्चिम प्रांतांचे प्रमुख आणि सैन्यातले कित्येक वरिष्ठ अधिकारी मारले गेले. उठाव पूर्ण यशस्वी झाला नाही. तो मोडून काढणाऱ्या इरोन्सींच्याच हातात अखेर सत्ता आली. सहा महिन्यांनी, जुलैत, दुसरा उठाव झाला आणि इबादान शहरात इरोन्सींनाही ठार करण्यात आलं. वरच्या फळीतले मेजर-कर्नल वांशिक ओळखीनुसार वेचून मारले गेल्यावर सैन्य आणि देश दोन्ही दुभंगले. आग्नेयेचा भाग बियाफ्रा या नावाने फुटून निघाला आणि १९६७ ते १९७० यादवी युद्ध झालं. त्यातल्या उपासमारीची छायाचित्रं जगाने पाहिली. १५ जानेवारी १९७० रोजी ते युद्ध संपलं. पहिला उठाव आणि युद्धाचा शेवट, दोन्हींची तारीख एकच. त्या दिवशी कबुतरं सोडली जातात ती या इतिहासाच्या साक्षीने.

पुढे याकुबू गोवोन, मुर्तला मुहम्मद आणि ओलुसेगुन ओबासांजो असे एकामागून एक लष्करी शासक आले. ओबासांजोंनी १९७९ मध्ये निवडून आलेल्या शेहू शगारींकडे सत्ता सोपवली. आज आपण ज्याला सीडीएस म्हणतो ते पद याच वळणावर आकाराला आलं. निवडून आलेल्या सरकारला तिन्ही दलांशी बोलायला एक सल्लागार हवा होता आणि एकाच लष्करप्रमुखाच्या हातात सगळं राहू नये असंही वाटत होतं. १९८० मध्ये लेफ्टनंट जनरल अलानी अकिनरिनाडे पहिले सीडीएस झाले.

ती व्यवस्था चार वर्षंही टिकली नाही. ३१ डिसेंबर १९८३ रोजी पुन्हा उठाव. मेजर जनरल मुहम्मदू बुहारी सत्तेवर आले. १९८५ मध्ये इब्राहिम बाबांगिडांनी त्यांना हटवलं. सीडीएसचं पद या काळातही राहिलं, पण त्याचा अर्थ पार उलटा झाला. डोमकाट बाली सीडीएस होते आणि संरक्षण खातंही त्यांच्याकडेच होतं. १९९० मध्ये सानी अबाचा सीडीएस झाले, तेव्हा तेच. ज्याच्यावर नजर ठेवायची तोच नजर ठेवणारा. जून १९९३ची निवडणूक रद्द झाली, अर्नेस्ट शोनेकन यांचं हंगामी सरकार आलं आणि नोव्हेंबरमध्ये अबाचांनी ते बाजूला सारून सत्ता घेतली. त्यांची पाच वर्षं नायजेरियातल्या सर्वांत काळ्या वर्षांत मोजली जातात.

८ जून १९९८ रोजी अबाचा अचानक वारले. तेव्हा सीडीएस होते जनरल अब्दुलसलामी अबुबकर. राष्ट्रप्रमुखपद त्यांच्याकडे आलं. त्यांनी मात्र वर्षभरात निवडणुका घेतल्या आणि २९ मे १९९९ रोजी निवडून आलेल्या माणसाकडे सत्ता देऊन ते घरी गेले. सीडीएसच्या खुर्चीवर बसून पुढे देशाच्या गादीवर गेलेल्या अबाचा आणि अबुबकर या दोघांनी पदाची दोन टोकं दाखवली. एकाने गादी बळकावली, दुसऱ्याने ती आपली नाही हे ओळखलं. कायद्याची कलमं दोघांसमोर जवळजवळ सारखीच होती. फरक माणसांचा होता, आणि १९९९ नंतरच्या सुधारणांचा सगळा खटाटोप हा की देशाचं भवितव्य अशा फरकावर अवलंबून राहू नये.

१९९९ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते तेच ओबासांजो, या वेळी साध्या वेशात. सत्तेवर आल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्यांनी लष्करी राजवटींत गव्हर्नर, मंत्री अशी राजकीय पदं भोगलेल्या ९३ अधिकाऱ्यांना एका फटक्यात निवृत्त केलं. ज्याने सत्तेची चव घेतली तो पुन्हा तिच्यामागे जाईल, हा त्यामागचा सरळ हिशेब. त्यानंतर आजपर्यंत नायजेरियात एकही उठाव यशस्वी झालेला नाही. शेजारचे देश एकामागून एक कोसळत असताना पंचवीस वर्षांहून जास्त काळ ही व्यवस्था टिकली, याचं मोल करायला आपण कमी पडू नये.

इथे आपल्या पुण्याचा एक धागा आहे. हेच ओबासांजो १९६५ मध्ये तरुण अधिकारी म्हणून भारतात आले होते. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात आणि त्यानंतर पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत त्यांचं प्रशिक्षण झालं. इथून ते परतले ते नेमके जानेवारी १९६६च्या उठावाच्या तोंडावर. बुहारींनीही १९७३ मध्ये वेलिंग्टनला शिक्षण घेतलं. नायजेरियाचे बहुतेक अधिकारी जिथे घडतात, ती कडुना शहरातली नायजेरियन डिफेन्स ॲकॅडमी १९६४ मध्ये सुरू झाली ती भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीने. तिचे पहिले कमांडंट ब्रिगेडियर एम. आर. वर्मा भारतीय सैन्यातले होते. तिन्ही दलांच्या कॅडेटना एकाच आवारात वाढवायचं, ही खडकवासल्याला रुजलेली कल्पना तिथेही रुजली.

कोण होतो सीडीएस, आणि कसा?

कडुनाच्या ॲकॅडमीत तुकडीला ‘रेग्युलर कोर्स’ म्हणतात आणि तिला क्रमांक असतो. हा क्रमांक अधिकाऱ्याला जन्मभर चिकटतो. दोन नायजेरियन अधिकारी भेटले की आडनावाआधी कोर्सचा नंबर निघतो. जनरल ख्रिस्तोफर मुसा ३८व्या कोर्सचे. ते जून २०२३ मध्ये सीडीएस झाले.

हा क्रमांक नेमणुकीच्या दिवशी फार निर्दय होतो. कनिष्ठाला सॅल्यूट करायचा नाही, असा तिथला जुना रिवाज. त्यामुळे एखाद्या तुलनेने तरुण अधिकाऱ्याला प्रमुख केलं की त्याच्या वरच्या कोर्सचे सगळे जनरल निवृत्ती घेतात. राष्ट्राध्यक्ष चार नावं जाहीर करतात आणि त्या चार ओळींखाली कित्येकांची कारकीर्द संपते. ज्यांनी ईशान्येकडच्या धगधगत्या बोर्नो राज्याच्या वाळूत वर्षं काढली, जखमा अंगावर घेतल्या, तेही त्यात असतात. राज्यकर्त्याला यातून नवी, आपली माणसं मिळतात. सैन्याच्या गाठीचा अनुभव मात्र दर वेळी पोत्याने बाहेर जातो. मला हा रिवाज घातक वाटतो. लढाई चालू असलेल्या देशाला तो परवडणारा नाही.

दुसरा निकष लिखित आहे. घटनाच सांगते की सैन्यातल्या अधिकाऱ्यांची आणि वरिष्ठ पदांची रचना देशातल्या विविधतेशी मिळतीजुळती हवी. ३६ राज्यं, अडीचशेहून अधिक जमाती, उत्तरेत मुस्लिम बहुसंख्य, दक्षिणेत ख्रिस्ती मोठ्या संख्येने. म्हणून चार प्रमुखांची यादी आली की वर्तमानपत्रं पहिल्यांदा नकाशा काढतात: कोण कुठल्या भागातला, कुणाचा वाटा राहून गेला. १९६६ची आठवण असलेल्या देशात ही मोजणी समजण्यासारखी आहे. दल कुठलं, याचा मात्र ठरलेला फेरा नाही. २००८ ते २०१५ या काळात सलग चार सीडीएस हवाई दलाचे किंवा नौदलाचे होते. २०१५ पासून चारही लष्कराचे.

तिसरा टप्पा संसदेचा, आणि तो कागदावर असूनही बरीच वर्षं झोपलेला होता. सशस्त्र दल कायदा म्हणतो की या नेमणुकांना संसदेची मंजुरी लागते. राष्ट्राध्यक्ष मात्र परस्पर नेमणुका करत राहिले. फेस्टस केयामो नावाच्या वकिलाने याविरुद्ध दावा लावला आणि जुलै २०१३ मध्ये अबुजाच्या फेडरल हायकोर्टाने निकाल दिला: मंजुरीविना नेमणूक बेकायदा. त्यानंतर २०१४ पासून सीडीएस आणि दलप्रमुख होऊ घातलेले अधिकारी खासदारांसमोर येऊन बसू लागले. ज्या सभागृहांना त्यांच्या पूर्वसुरींनी कुलपं लावली होती, तिथेच येऊन त्यांना प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. हे दृश्य मला कुठल्याही संचलनापेक्षा मोठं वाटतं.

पदाला ठरावीक मुदत मात्र नाही. जनरल ओलोनिसाकिन जुलै २०१५ पासून साडेपाच वर्षं राहिले. इतर कित्येकांना दोन-अडीच वर्षंच मिळाली.

मैदुगुरी, आणि एका सीडीएसचं गाव

फौज हातात नसलेल्या प्रमुखाची खरी परीक्षा ईशान्येत झाली. २००९ पासून बोको हराम या संघटनेने बोर्नो राज्यात आणि आसपास हिंसाचार मांडला. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री चिबोक गावातल्या शाळेतून २७६ मुली पळवून नेल्या. त्या वेळी सीडीएस होते एअर चीफ मार्शल ॲलेक्स बडेह, हवाई दलाचे. मे महिन्यात ते अबुजातल्या निदर्शकांना म्हणाले, मुली कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक आहे, पण बळ वापरलं तर त्यांच्या जिवाला धोका होईल. ऑक्टोबरमध्ये त्यांनीच बोको हरामशी युद्धबंदी झाल्याची घोषणा केली. ती खोटी ठरली. काही दिवसांत अदामावा राज्यातलं मुबी शहर बोको हरामने घेतलं आणि मुबीजवळचं विमटिम हे बडेह यांचं स्वतःचं गावही त्यांच्या हाती पडलं. देशाच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याचं जन्मगाव. त्याच डिसेंबरात लष्करी न्यायालयाने ५४ जवानांना बंडखोरीबद्दल मृत्युदंड सुनावला. पुरेशी शस्त्रं नसताना लढायला पाठवत होते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ती शिक्षा दहा वर्षांच्या कैदेवर आली.

नायजेरियात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला सहकारी गाडीत उभं करून दोरांनी गाडी ओढत निरोप देतात. जुलै २०१५ मध्ये बडेह यांना असाच निरोप मिळाला. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी सरळ सांगितलं की आपण ज्या सैन्याचे प्रमुख होतो त्याच्याकडे लढायला लागणारी साधनं नव्हती आणि उमेदही नव्हती. जवानांना कोठडीत टाकणारी गोष्टच प्रमुखाने जाताना कबूल केली. पुढे हवाईदलप्रमुख असतानाच्या काळातल्या पैशांबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यांनी आरोप नाकारले होते. खटला संपण्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये, अबुजा-केफी रस्त्यावर बंदूकधाऱ्यांनी त्यांना ठार केलं.

सामान्य माणूस टीव्हीवर सीडीएसला पाहून सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकतो. पण पैसा संरक्षण खात्यातून आणि सुरक्षा सल्लागाराच्या कार्यालयातून जातो, तुकड्या लष्करप्रमुखाच्या, विमानं हवाईदलप्रमुखाची. बडेह यांचे दोष झाकावेत असं मी म्हणत नाही. युद्धबंदीची घोषणा त्यांच्या तोंडून झाली, ती त्यांचीच. मात्र उत्तर देणारा एक आणि साधनं वाटणारे दुसरे, ही या पदातली मूळ दुखरी जागा आहे.

उपाय निघाला तो थिएटर कमांडचा. २९ मे २०१५ रोजी शपथ घेतानाच बुहारींनी सैन्याचं मोहीम केंद्र अबुजातून मैदुगुरीला, थेट बोर्नोच्या राजधानीत, हलवण्याचा आदेश दिला. ईशान्येतल्या मोहिमेचं सध्याचं नाव ‘ऑपरेशन हादिन काई’. हौसा भाषेत त्याचा भाव ‘एकजूट’ असा. एकच थिएटर कमांडर, त्याच्या हाताखाली पायदळ, हवाई दलाचा विभाग, चाड सरोवराच्या बाजूला नौदलाचे लोक. अशा संयुक्त मोहिमा हे सीडीएसचं खरं कार्यक्षेत्र. अंगावर कुठल्या दलाचा गणवेश आहे, हे विसरून लोकांना एकत्र काम करायला लावणं, हेच काम. बोलायला सोपं, पण ज्या दलाला स्वतःचं बजेट, स्वतःचा बँड, स्वतःची रुग्णालयं आणि स्वतःचा अभिमान आहे त्याला दुसऱ्याच्या हुकमाखाली आणणं किती जड जातं, ते आपणही अनुभवतोय. भारतात जनरल बिपिन रावत यांनी १ जानेवारी २०२० रोजी पहिले सीडीएस म्हणून सूत्रं घेतली आणि तेव्हापासून आपल्याकडेही थिएटर कमांडचीच चर्चा चालू आहे.

मेळ चुकला की काय होतं, ते कडुना राज्यातल्या टुडुन बिरी गावाने भोगलं. ३ डिसेंबर २०२३ च्या रात्री तिथे पैगंबर जयंतीसाठी लोक जमले होते. लष्कराच्या ड्रोनने त्यांना सशस्त्र टोळी समजून बाँब टाकले. देशाच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने ८५ मृतदेहांच्या दफनाची नोंद दिली. २०१७ मध्ये बोर्नोतल्या ‘रान’ नावाच्या गावी हवाई दलाच्या विमानाने विस्थापितांच्या छावणीवर असाच हल्ला केला होता. दोन वेगळी दलं, दोन वेगळी यंत्रं, चूक तीच: खाली कोण आहे याची खात्री न करता कळ दाबली गेली. टुडुन बिरीला जाऊन लष्करप्रमुख ताओरीद लगबाजा यांनी माफी मागितली. पण वरून दिसणारं आणि खालून कळणारं जिथे एकत्र तपासलं जातं ती व्यवस्था मजबूत करणं, हे सीडीएसच्या कार्यालयाचं काम आहे. त्या गावातल्या लोकांपुढे कुणाचं पद कितव्या क्रमांकाचं हा प्रश्न उरलेला नाही.

सीमेपलीकडे

पश्चिम आफ्रिकी देशांचा इकोवास नावाचा संघ आहे आणि सदस्य देशांच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांची त्यात एक समिती आहे. २६ जुलै २०२३ रोजी शेजारच्या नायजरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्याच अंगरक्षक दलाने राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना कैद केलं. दुसऱ्या दिवशी नायजरच्या सैन्याच्या मुख्यालयातून एक पत्रक निघालं. रक्तपात टाळण्यासाठी आपण उठावाला पाठिंबा देतोय, असं त्यात होतं आणि खाली सही होती सर्वोच्च सेनाधिकाऱ्याची. उठाव अंगरक्षकांनी केला, पण तो पक्का झाला या सहीने. त्या एका दिवसात त्या खुर्चीवरच्या माणसाने काय करावं, यावर सगळं अवलंबून असतं.

गांबियात २०१७च्या जानेवारीत उलट घडलं. निवडणूक हरूनही याह्या जामेह खुर्ची सोडेनात. इकोवासच्या फौजा सीमेवर आल्या. काही दिवसांपूर्वीच जामेह यांच्या बाजूने उभे असलेले सेनाप्रमुख उस्मान बाजी ऐनवेळी म्हणाले की या राजकीय भांडणात मी माझ्या सैनिकांना गुंतवणार नाही. २१ जानेवारीला जामेह देश सोडून गेले.

नायजरच्या प्रश्नावर ऑगस्ट २०२३ मध्ये सेनाप्रमुखांच्या बैठका अबुजात आणि पुढे घानाची राजधानी अक्रा इथे झाल्या. अध्यक्षस्थानी नायजेरियाचे नवे सीडीएस मुसा होते, पदावर येऊन दीड महिना झालेले. हल्ल्याची योजना तयार झाली. नायजेरिया आणि नायजर यांची सीमा दीड हजार किलोमीटरहून जास्त लांब, दोन्ही बाजूंना तीच हौसा भाषा, तीच नातीगोती. नायजेरियाच्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, युद्धाऐवजी इतर मार्ग धरायला सांगितलं आणि फौज कधीच निघाली नाही. सीडीएसचं काम योजना तयार ठेवण्याचं होतं, ते झालं. जायचं की नाही हे ठरवणं त्याचं काम नव्हतं. घटनेच्या पाचव्या कलमात हे स्पष्ट आहे: युद्ध पुकारायला दोन्ही सभागृहांची संमती हवी, परदेशात लढायला सैनिक पाठवायचे तर सिनेटची. अगदीच तातडीचा धोका असेल तर राष्ट्राध्यक्ष संरक्षण परिषदेशी बोलून फौज धाडू शकतात, पण सात दिवसांत सिनेटकडे यायला हवं आणि सिनेटने चौदा दिवसांत हो किंवा नाही सांगायला हवं.

या कलमाचा कस दोन वर्षांनी लागला. ७ डिसेंबर २०२५ रोजी पश्चिमेकडच्या बेनिनमध्ये सैनिकांच्या एका गटाने टीव्ही केंद्र ताब्यात घेऊन उठाव जाहीर केला. बेनिन सरकारच्या विनंतीवरून नायजेरियाची लढाऊ विमानं त्याच दिवशी तिथे पोचली आणि उठाव फसला. दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांचं पत्र सिनेटमध्ये वाचलं गेलं आणि मंजुरी मिळाली.

त्या वेळी सीडीएस होते जनरल ओलुफेमी ओलुयेडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लगबाजा आजारपणात वारले, तेव्हा त्यांच्या जागी लष्करप्रमुख झालेले हे अधिकारी. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी टिनुबूंनी मुसांना हटवून ओलुयेडे यांना सीडीएस केलं. मुसा घरी बसले ते जेमतेम सहा आठवडे. डिसेंबरच्या सुरुवातीला संरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि टिनुबूंनी मुसांचं नाव पुढे केलं. बाली आणि अबाचा यांच्या काळात ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे एकाच वेळी होती. मुसा मात्र गणवेश उतरवून सिनेटसमोर आले, तिथे त्यांची उलटतपासणी झाली आणि मंजुरी मिळाल्यावर त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. संरक्षण परिषदेच्या टेबलाशी आता ते मंत्र्यांच्या खुर्चीत बसतात आणि त्यांच्या जुन्या खुर्चीत ओलुयेडे असतात. साधनं मागणारा आणि साधनं देणारा, दोघांनीही ईशान्येतली वाळू तुडवलेली आहे. बडेह यांनी निरोपाच्या दिवशी जी उणीव सांगितली होती, तिची फाइल या वेळी त्या टेबलावरून किती लवकर पुढे सरकते, ते बोर्नोतल्या चौक्यांवरच्या पोरांना सगळ्यांत आधी कळेल.